सरीतला पाय

इंदुबाई पडली ती उताणी पडली. पुढे पडली असती तर हात तरी टेकता आले असते. पण ती मागे गेली आणि तोडलेल्या उसाच्या नव्यानं फुटलेल्या खोडव्यात, कोरड्या सरीत, ढेकळांवर पाठ आपटून आडवी झाली. हातातलं खोरं लांब उडालं. साडी वर सरकली आणि डाव्या गुडघ्याखालचा नवा पाय, त्याची नळी आणि रबरी पाऊल, भर सकाळी सगळ्या शिवाराला दिसला.

शिवार म्हणजे तरी आता कितीसं राहिलंय! मांजरी गावातल्या त्या पट्ट्याला दोन बाजूंनी इमारती आल्यात, तिसऱ्या बाजूला लग्नाचं लॉन आहे, आणि उरलेल्या जागेत ऊस दाटीवाटीनं उभा असतो. वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालणारी एक बाई कठड्यावरून वाकून बघत होती. तिचं इंदुबाईला काही वाटलं नाही. बांधावर तिचा धाकटा दीर रावसाहेब उभा होता आणि त्यानं बघितलं होतं. ते मात्र तिला पाठीपेक्षा जास्त लागलं.

"वैनी, लागलं का?"

"न्हाई."

"उठवू का?"

"उठते मी. तुमी जावा."

तिनं हात टेकून उठायचा प्रयत्न केला. रबरी पाऊल ढेकळावरून घसरलं. पुन्हा केला, पुन्हा घसरलं. शेवटी रावसाहेब खाली उतरला, तिच्या काखेत हात घातले आणि धान्याचं पोतं उभं करावं तसं तिला उभं केलं. एरवी हा माणूस भावजयीच्या हातात पाण्याचा तांब्यासुद्धा थेट द्यायचा नाही, समोर ठेवायचा. दोघंही एकमेकांकडे न बघता उभे राहिले. मग तो बांधावर चढला आणि तिथं काढून ठेवलेली तिची सँडल उचलून तिच्यापुढे ठेवली.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "आता तरी ऐका. लॉनवाल्या दत्तप्रसादशेठला मी शब्द दिलाय. लग्नसराई तोंडावर आलीय. त्याला गाड्या लावायला जागा पायजे, आन तुमाला हे झेपत न्हाई."

इंदुबाईनं सँडल घातली, पट्टा लावला आणि घराकडे चालू लागली. आणि गंमत बघा, चालली ती अगदी सरळ चालली.

पाय गेला तो साखरेमुळे. गेल्या सालच्या तोडणीनंतर पाचट ओढताना उसाचा एक टोकदार बुडखा तळव्यात घुसला. तिला ते कळलंच नाही. साखरेच्या आजारात पायाची जाणीव जाते, असं डॉक्टरनं नंतर सांगितलं. तिनं हळद दाबली आणि पुढची सरी धरली. जखम काळी पडली, ताप आला, आणि रावसाहेबानंच तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथं पाय गुडघ्याखाली काढावा लागला. रावसाहेब बाहेरच्या बाकावर बसून लहान पोरासारखा रडला होता, हे इंदुबाईला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पाय गेल्याचं दुःख तिला होतंच. पण त्याहून मोठं दुःख वेगळं होतं. इंदुबाईची चाल गावाला ठाऊक होती. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन ती पाटाच्या कडेनं निघाली की भाऱ्याखाली तोंड दिसायचं नाही, पण लांबूनच माणसं म्हणायची, इंदू आली. मान ताठ, खांदे स्थिर, आणि कमरेखालचं अंग तेवढं वाऱ्यावर चालल्यासारखं. नवरा वारल्यावर दोन एकराचं पाणी तिनं एकटीनं दिलं. उसाला पाणी देणं म्हणजे दारं धरणं. पाटातून पाणी एका सरीत सोडायचं, सरी टोकापर्यंत भरली की तिचं तोंड मातीनं बंद करून पुढच्या सरीचं मोडायचं, आणि पाणी मध्ये कुठं फुटतंय का ते बघत सारखं चालायचं. दिवसभर चालायचं. बसून दारं धरता येत नाहीत. इंदुबाईच्या उसात कधी टोकाचा ऊस पिवळा पडला नव्हता.

नवा पाय शहरातल्या एका केंद्रात बसवला. तिथली उत्कर्षा नावाची मुलगी नारायण पेठेत वाढलेली, कामात चोख आणि जिभेनं तिखट. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं होतं, "आजी, रडायचं असेल तर आत्ता रडून घ्या. चालताना रडलं की तोल जातो."

"रडतंय कोन?" इंदुबाई म्हणाली होती, आणि तिथून दोघींचं जमलं.

तिथं एक लांबट खोली होती, भिंतींवर कॅमेरे लावलेली. इंदुबाईच्या खांद्यांना, कमरेला, गुडघ्यांना चमकते गोळे चिकटवले आणि तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. मग पडद्यावर काळ्या अंधारात नुसते पांढरे ठिपके चालताना दिसले. तोंड नाही, साडी नाही, पाय खरा का खोटा तेही नाही. सून चैताली शेजारी उभी होती. ती म्हणाली, "आई, हे बघा, तुम्ही."

इंदुबाई बराच वेळ ठिपक्यांकडे बघत राहिली. ठिपक्यांची मान ताठ होती. खांदे हलत नव्हते.

"मीच हाय ही," ती म्हणाली. "भारा तेवढा दिसंना."

उत्कर्षानं ते ठिपके पुन्हा एकदा लावून दाखवले. शेवटी म्हणाली, "छान चालता. आता घरी जा, इथली गर्दी कमी करा."

आणि घरी आल्यावर इंदुबाई पडू लागली.

स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहायची, हात सोडला की मागे जायची. हॉलमधून मोरीकडे जाताना भिंत धरायची. देवघरापुढे तर एकदा सपशेल बसलीच. रस्त्यावर नीट, केंद्रात नीट, घरात मात्र पाय तिला मागे ढकलायचा. मुलगा अभय खराडीच्या एका कंपनीत कामाला. त्याचं म्हणणं, "आई, हे सायकॉलॉजिकल आहे. तिकडे तुला कॉन्फिडन्स येतो, इकडे तू घाबरतेस." रावसाहेबाचं म्हणणं, पाय शहरातला आहे, त्याला गावची हवा मानवत नाही. शेजारची हेमा दोन वेळा येऊन दृष्ट काढून गेली. इंदुबाईला स्वतःला वाटायचं की आपणच कुठंतरी खचलोय आणि ते कबूल करत नाही. हा विचार तिला रात्रंदिवस पोखरायचा.

शेतात पडली त्या दिवशी जेवणं झाल्यावर रावसाहेब आला. अभय होता, चैताली होती. शेत इंदुबाईच्या नावावर असल्यामुळे तिच्या तोंडून हो आल्याशिवाय काही होणार नव्हतं.

"आई, प्रॅक्टिकल बोलू या," अभय म्हणाला. "मला सुट्ट्या नाहीत. गडी मिळत नाही. तू पडलीस आणि दुसऱ्या पायाला काही झालं तर? मी काय करू मग?" पोरगा वाईट नव्हता, घाबरलेला होता.

"मुरूम टाकला की परत ऊस येत न्हाई त्या रानात," इंदुबाई म्हणाली.

"न्हाई येत," रावसाहेब म्हणाला. "माझ्याबी रानात एक दिवस येणार न्हाई. काय करायचं त्याला?"

इंदुबाईनं पायाकडे बघितलं. मग म्हणाली, "कालव्याचं पानी सुटनार हाय. या खेपंला दारं मी धरते. कुनी हात लावायचा न्हाई. टोकापर्यंत पानी गेलं तर रान माझं, माझ्या हातात. न्हाई गेलं, तर मी सवता शेठकडं जाते आन हो म्हनते."

"आन मध्येच पडला तर?"

"पडंन आन उठंन. तुमी उचलायचं न्हाई."

रावसाहेब म्हणाला, "बरं."

चैताली शहरातली, विश्रांतवाडीची. लग्न होऊन आली तेव्हा तिला सरी कशाला म्हणतात आणि वरंबा कशाला, हेही माहीत नव्हतं. पण तिला एक गोष्ट खटकत होती. जी बाई केंद्रात तशी चालते, ती घरात भिईल? ही बाई पाय कापल्यावर, भूल उतरताच पहिल्यांदा विचारत होती की खोडव्याला खत टाकलं का. दुसऱ्या दिवशी तिनं सासूला हॉलमध्ये चालवलं, मोबाइलवर चित्रीकरण केलं आणि उत्कर्षाला पाठवून दिलं.

उत्कर्षाचा लगेच फोन आला. "यांची सँडल कुठे आहे?"

"दाराबाहेर."

"दाराबाहेर का?"

"म्हणजे काय? घरात आहेत ना त्या."

मग उत्कर्षा म्हणाली, "मी उद्या येते," आणि फोन ठेवला.

आली ती स्कूटरवर, धुळीनं माखून. पायरीशी आली, बोलता बोलता आपल्या चपला काढल्या, एक पाऊल उंबऱ्याच्या आत टाकलं आणि तशीच थांबली. स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघत राहिली.

"काय झालं?" चैतालीनं विचारलं.

"माझी अक्कल बाहेर राहिली वाटतं चपलांबरोबर," उत्कर्षा म्हणाली. आत येऊन ती इंदुबाईच्या पायाशी फतकल मारून बसली. "आजी, ऐका. हा पाय मी तुमच्या सँडलच्या उंचीवर बसवलाय. सँडलची टाच जरा उंच आहे. ती पायात असली की नळी सरळ उभी राहते. सँडल काढली की टाच खाली जाते, नळी मागे झुकते आणि तुम्हाला मागे ढकलते. तुम्ही पडत नव्हता. तुम्हाला पाय पाडत होता."

इंदुबाईला हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसा तिचा चेहरा लाल झाला.

"मग सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं होतं ना, सँडल काढायची नाही म्हणून!"

"मला वाटलं रस्त्यात! घरात कोन घालतं? देवापुढं घालू? चुलीपुढं घालू?"

"तेच," उत्कर्षा म्हणाली. "तेच मी विचारलं नाही. आमच्या खोलीत सगळे चपला घालून चालतात, म्हणून मी समजले की जग चपला घालून चालतं. आणि माझी आजी चप्पल घालून आत आलेल्या माणसाला पुन्हा पायरीवर उभं करते. चूक माझी आहे, आजी. पण तुम्हीही एका शब्दानं म्हणाला नाहीत की घरात पडते."

"तुमाला कसं सांगू? तुमी छान चालता म्हनाला व्हता."

हे ऐकून उत्कर्षाचा तिखटपणा क्षणभर गेला. तिनं पिशवीतून एक लहान पाना काढला आणि नळीच्या खालच्या सांध्याचे स्क्रू सैल केले. इंदुबाई खुर्चीला धरून उभी. उत्कर्षा थोडं फिरवायची, लांब सरकून बघायची, पुन्हा येऊन थोडं फिरवायची. बऱ्याच वेळानं म्हणाली, "हात सोडा."

इंदुबाईनं हात सोडला. आणि जमीन जागेवर आली. तिला दुसरं काही सांगता आलं नाही, एवढंच. ती हॉलमधून स्वयंपाकघरात गेली, ओट्याला वळसा घातला, परत आली, देवापुढं उभी राहिली आणि हात जोडले. हात जोडायला दोन्ही हात मोकळे लागतात, आणि ते कित्येक महिन्यांत जमलं नव्हतं. चैतालीनं पदरानं डोळे पुसले. अभय म्हणाला, "म्हणजे इतके दिवस..." आईला घाबरट म्हटल्याची त्याला लाज वाटली आणि ती त्याच्या तोंडावर दिसली.

"आता बाहेर जाताना सपाट चप्पल घालायची, बिनटाचेची," उत्कर्षानं बजावलं. "ती सँडल कुणाला तरी देऊन टाका."

"आन शेतात?"

"शेतात काय?"

"पानी द्यायचंय उसाला. तिथं काईच घालत न्हाईत."

उत्कर्षानं एकेकाकडे बघितलं. कुणी हसत नव्हतं. "चिखलात? आजी, सांध्यात पाणी गेलं तर स्क्रू गंजतील. तसा पाय परत आणलात तर मी ओळखसुद्धा दाखवणार नाही."

"स्कूटरची जुनी ट्यूब चढवली तर?" अभय एकदम म्हणाला. "पावलाच्या वरपासून गुडघ्यापर्यंत. वरून बांधून घेऊ घट्ट."

उत्कर्षानं त्याच्याकडे जरा आदरानं बघितलं. "चालेल," ती म्हणाली. "पण आधी मला ती सरी दाखवा."

सरी बघायला म्हणून ती उतरली आणि चौथ्या पावलाला तिरकी झाली. केंद्रात तिनं शिकवलं होतं, आधी टाच टेकवा, मग चवडा. इथं टाच टेकवली की ती मातीत रुतत होती. ती स्वतः पुढे मागे चालून बघू लागली, इंदुबाई तिच्या मागून चालू लागली, आणि मग दोघींनी मिळून ठरवलं की सरीत पाऊल अख्खं टेकवायचं, वरून खाली, आणि उचलताना गुडघा वर घ्यायचा. पावलाखाली काय आहे ते रबराला कळत नाही, म्हणून खोऱ्याचा दांडा आधी पुढं टेकवायचा. उत्कर्षाचे कपडे गुडघ्यापर्यंत मातीनं भरले. "माझी आजी आज मलाच पायरीवर उभं करणार," असं म्हणून ती स्कूटरवर बसली.

पुढचे दिवस इंदुबाई रोज सकाळी कोरड्या सरीत चालली. उन्हाचा तडाखा वाढत होता. पायाच्या खुंटावर चढवलेला मोजा घामानं भिजायचा, आतली कातडी लाल व्हायची. मांडी थरथरायला लागली की ती दोन सऱ्यांमधल्या वरंब्यावर बसायची, मोजा काढून खुंटाला वारा घालायची, तपासायची. ही शिस्त तिनं पहिल्यांदाच अंगी लावून घेतली. पूर्वी आपल्या पायाकडे तिनं कधी निरखून बघितलंच नव्हतं. आता दोन्ही पाय ती रोज तपासायची, खराही आणि खोटाही. रावसाहेब आपल्या रानात काम करायचा आणि इकडे बघत नाही असं दाखवायचा.

पाणी आलं ते सकाळच्या प्रहरी. वरच्या शेतकऱ्यानं हाळी दिली, "पानी घ्या वो!" आणि पाटातून फेस, काटक्या, लॉनवरची झेंडूची सुकी फुलं असं सगळं ढकलत पाणी इंदुबाईच्या बांधाशी आलं. तिनं पदर खोचला. ट्यूब बांधलेला पाय आणि उघडा पाय, दोन्ही चिखलात उतरले. पहिल्या सरीचं तोंड मोडलं आणि पाणी आत शिरलं.

अभयनं रजा टाकली होती. तो आणि रावसाहेब बांधावर उभे. इंदुबाईनं दोघांकडे एकदाच बघितलं, त्यांनी बोलू नये म्हणून.

सुरुवातीच्या सऱ्या बऱ्या गेल्या. दांडा पुढं, पाऊल वरून खाली, गुडघा वर. पाणी सरीच्या टोकाला पोहोचलं की ती परत यायची, चार खोरी माती ओढून तोंड बंद करायची, शेजारचं मोडायची. ऊन चढलं. मानेवरून घाम पाठीत उतरत होता. इमारतीच्या गॅलरीत दोन चार माणसं जमली. कुणीतरी मोबाइल धरला होता. धरू दे, असं तिला वाटलं. चालणं तिचं होतं, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

निम्म्याहून अधिक रान भिजलं आणि लॉनच्या भिंतीकडेचा वरंबा फुटला. उंदरानं बीळ केलेलं होतं, त्यातून पाणी भळाभळा भिंतीकडं जाऊ लागलं. आता टोकाच्या सऱ्यांना पाणी पुरणार कसं? इंदुबाई निघाली. पळता येत नव्हतं. पळायची सवय मात्र अंगात होती, आणि ती सवयच तिच्या जिवावर उठली. घाईत दांडा टेकवायचा राहिला, रबरी पाऊल खोल गेलं आणि चिखलानं ते धरून ठेवलं. तिनं ओढलं. पाय खुंटावरून निसटायला लागला. ती कमरेत वाकली आणि दोन्ही हातांनी खोऱ्याचा दांडा धरून डुलू लागली.

"आई!" अभय खाली उडी मारणार, तोच रावसाहेबानं त्याचं मनगट धरलं.

"थांब."

"काका, पडेल ती!"

"पडू दे. ती बोलली का? बोलली तर जा." रावसाहेबाची पकड घट्ट होती.

इंदुबाई ओढायची थांबली. श्वास घेतला. ओढून निघत नाही, चिखलाला वारा दिला की निघतो, हे तिला जन्मभर ठाऊक होतं. गाळात रुतलेली म्हैस काढताना ती हेच करायची. तिनं गुडघा आत बाहेर फिरवला, खोऱ्याच्या पात्यानं टाचेमागचा गाळ उकरला. फटीतून हवा गेली आणि पाऊल मोठा आवाज करून मोकळं झालं. तिनं खुंट दाबून पाय नीट बसवला, दांडा पुढं टेकवला आणि भिंतीपर्यंत चालत गेली. सावकाश गेली, पण थांबली नाही. बिळात पाचट कोंबलं, वर माती ओढली, पायानं दाबली. रबरी पायानंच दाबली. त्याला बुडखे टोचत नाहीत, हे एक बरं होतं.

"बघ," रावसाहेब म्हणाला. अभयचं मनगट त्यानं अजून सोडलं नव्हतं.

ऊन कलायला लागल्यावर शेवटच्या सरीतलं पाणी टोकाच्या बांधाला जाऊन टेकलं. इंदुबाई तिथंच उभी राहून बघत होती. सगळं रान काळंशार झालं होतं आणि खोडव्याचे हिरवे कोंब पाण्यात उभे होते. तिला हसू आलं. तिला रडूही आलं, पण उत्कर्षानं सांगून ठेवलं होतं म्हणून तिनं ते आवरलं. मग शेवटचं तोंड बंद करून तिनं पाटाकडं बघत हाळी दिली, खच्चून दिली, गॅलरीतल्या माणसांनासुद्धा ऐकू जाईल अशी.

"भावजी, पानी घ्या!"

पुढचं पाणी रावसाहेबाचं होतं. त्यानं आपलं खोरं उचललं आणि अभयच्या हातात दिलं.

"धर तू दारं."

"मी? काका, मला येत नाही."

"आत्ता आईचं बघितलं का मोबाइल बघत व्हतास? पँट वर घे आन उतर." मग इंदुबाईकडं वळून त्यानं विचारलं, "बसता का जरा? पानी पिता?"

"पिते. आन मग शेठकडं जायचंय."

"उद्या जाऊ की."

"आजच. भिजलेल्या पायानं जाते, म्हंजे त्याला परत इचारायला नको."

चैतालीनं घरून पाण्याची बाटली आणि सपाट चप्पल आणली होती. इंदुबाईनं पाणी घेतलं, ट्यूब सोडून चैतालीकडं दिली, चप्पल मात्र घेतली नाही. दोन्ही पाय चिखलानं लडबडलेले, नवीन चप्पल कशाला खराब करायची? रस्त्यावरचं डांबर तापलं होतं. चटके बसत होते ते एकाच पायाला. "बरं हाय," ती रावसाहेबाला म्हणाली, "निम्मंच भाजतंय." रावसाहेब खो खो हसला. वहिनीसमोर तो इतक्या मोठ्यानं आयुष्यात कधी हसला नव्हता.

लॉनवर संध्याकाळच्या लग्नाचा मांडव सजत होता. दत्तप्रसादशेठ कमानीपाशी उभा राहून कुणावर तरी ओरडत होता. दोघांना बघून त्यानं खुर्ची मागवली.

"या मावशी, बसा. अहो, निरोप पाठवायचा, मीच आलो असतो."

"बसत न्हाई," इंदुबाई म्हणाली. "रान गाड्यांना देनार न्हाई. तेवढं सांगायला आले."

दत्तप्रसादशेठनं रावसाहेबाकडं बघितलं. "रावसाहेब, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला व्हता," रावसाहेब म्हणाला. गावात त्याचा शब्द मोडला असं कधी झालं नव्हतं, आणि आता तो मोडल्याची चर्चा सगळीकडे होणार हे त्याला कळत होतं. "रान वैनीचं हाय. तिथं शब्द माझा चालत न्हाई, हे मी इसरलो व्हतो. आज त्यांनी पानी दिलंय सगळ्या रानाला. एकटीनं."

शेठची नजर खाली गेली. चिखलानं भरलेली दोन पावलं, त्यातलं एक रबराचं, नव्याकोऱ्या हिरव्या गालिच्यावर उभी होती. मग तो भल्या माणसासारखं म्हणाला, "बरं बरं. उन्हाचं आलात. थांबा, ड्रायव्हरला सांगतो, गाडीनं सोडेल."

इंदुबाई बोलायच्या आत रावसाहेब बोलला.

"गाडी कशाला? वैनी पायानं आल्यात."

मांजरीत अजून रीत आहे, रस्त्यानं बाईमाणूस बरोबर असलं की पुरुष चार पावलं पुढं चालतो. परत निघताना इंदुबाई वळली आणि रावसाहेब पुढं होईल म्हणून थांबली. तो झाला नाही. त्यानं हातानं वाट दाखवली, आणि मांडववाले, वाजंत्रीवाले, कमानीवर चढलेली पोरं असे सगळे बघत असताना सबंध रस्ताभर तो तिच्या मागून चालला.